जुन्या पिकअप वाहनातील चार्जिंग-दोषाचे निदान

कोल्हापूर परिसरात गूळ, दूध वा भाजीपाला वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली, की पुष्कळदा प्रथम बॅटरीच बदलली जाते. दोष अन्यत्र असल्यास हा खर्च वाया जातो. शिवाय गगनबावड्याच्या घाटात रात्री दिवे मंदावल्यास जीवितासही धोका संभवतो. म्हणून निदान क्रमाने होणे आवश्यक ठरते.

बॅटरी ऊर्जा साठविते, तर इंजिन चालू असताना ती पुरविण्याचे कार्य अल्टरनेटर करतो. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचे विभवांतर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असते. इंजिन चालू असताना ते साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट व्हावयास हवे. तसे न झाल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा. नंतर अल्टरनेटरचे मुख्य टोक व त्याचे कवच यांमधील विभवांतर मोजावे. ते योग्य असूनही बॅटरीपाशी कमी भरल्यास दोष तारेत, गंजलेल्या जोडात किंवा अर्थिंगमध्ये असतो. दोन्हीकडे कमी भरल्यास चार्जिंगचा दिवा तपासावा; अनेक जुन्या रचनांत अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा ठीक असल्यास कार्बन ब्रश, रेग्युलेटर व डायोड यांकडे वळावे.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळातील होय. अल्टरनेटरमध्ये त्यामुळे डायोड जळू शकतात. सारांश, मापन आधी व सुटे भाग नंतर, हाच क्रम हितावह होय.