प्रोसेसरचा वेग आणि विजेची बचत

कामाच्या भारानुसार संगणकाच्या प्रोसेसरचा वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या तंत्राविषयी सर्वाधिक रुजलेला गैरसमज असा, की वीज वाचते ती केवळ वेग उतरवल्यामुळे. वस्तुस्थिती अशी की, प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरांची उघडझाप होताना लागणारी शक्ती वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या, सम प्रमाणात वाढते, तर विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसती वारंवारता निम्मी केली तर ही शक्ती निम्मी होते खरी, परंतु तेच काम संपण्यास दुप्पट वेळ लागत असल्याने त्या कामासाठी खर्च झालेली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. खरा लाभ होतो तो वेग मंदावल्यावर कमी विद्युतदाबावरही प्रोसेसर बिनचूक चालू शकतो म्हणून. 2000 साली इंटेलने मोबाइल पेंटियम 3 मध्ये आणलेल्या स्पीडस्टेपचे उदाहरण येथे बोलके ठरते: लॅपटॉप विजेच्या जोडणीवर असताना 650 मेगाहर्ट्झने चालणारा प्रोसेसर बॅटरीवर 500 मेगाहर्ट्झवर येई आणि विद्युतदाब 1.6 व्होल्टवरून 1.35 व्होल्टवर उतरे. वेगातील घट सुमारे 23 टक्के, पण वरील सूत्रानुसार शक्तीतील घट सुमारे 45 टक्के, आणि एकाच कामामागील ऊर्जेची बचत सुमारे 29 टक्के.

यावरून प्रोसेसर सदैव किमान वेगाने चालवावा असा निष्कर्ष काढणे हा दुसरा गैरसमज होय. विद्युतदाब एका मर्यादेखाली नेता येत नाही, आणि त्या तळाला पोहोचल्यावर वेग आणखी उतरवण्याने केवळ वेळ वाढतो. शिवाय उघडझाप होत नसतानाही ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह झिरपतच असतो, ज्याला गळती म्हणतात. काम लांबले की ही गळती, मेमरी आणि इतर घटक यांचा खर्चही लांबतो. म्हणून काही वेळा काम झटपट उरकून प्रोसेसरला गाढ विश्रांतीच्या अवस्थेत, म्हणजे त्याच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठाच तोडलेल्या स्थितीत, जाऊ देणे अधिक किफायतशीर ठरते. कोणता मार्ग बरा, हे यंत्र आणि काम पाहूनच ठरते. सरसकट नियम सांगणाऱ्यांवर विसंबू नये.

वेग सतत बदलल्याने संगणक अडखळतो ही तक्रार जुन्या यंत्रांपुरती अगदीच निराधार नव्हती, कारण भार मोजून निर्णय घेण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम ठरावीक अंतराने करीत असे. 2015 च्या स्कायलेक प्रोसेसरांपासून इंटेलने हा निर्णय चिपमध्येच घेण्याची सोय केली आणि प्रतिसाद बराच जलद झाला. लिनक्समध्येही 2016 पासून स्केड्यूटिल हा गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवणारा घटक, थेट कामांचे वेळापत्रक लावणाऱ्या शेड्यूलरकडून भाराची माहिती घेतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचा आणखी एक घोटाळा नावांमुळे होतो, आणि त्याचा दोष वापरकर्त्यांना देता येणार नाही. सामान्य ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ हा गव्हर्नर निवडल्यास प्रोसेसर किमान वेगाला जखडला जातो. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत मात्र त्याच नावाखाली वेग भारानुसार वरखाली होत राहतो. त्यामुळे आधी कोणता ड्रायव्हर चालू आहे हे न पाहता केवळ ते नाव वाचून ‘परफॉर्मन्स’ या वेगाला प्राधान्य देणाऱ्या गव्हर्नरकडे वळणारा वापरकर्ता पुष्कळदा विनाकारण वीज जाळतो.