ग्राहक तक्रार निवारण आयोग, जिल्हा

सदोष वस्तू, सेवेतील उणीव किंवा अनुचित व्यापारी प्रथा यांमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास त्याला उत्पादक, विक्रेता वा सेवा देणारी कंपनी यांच्याविरुद्ध अल्प खर्चात दाद मागता यावी, म्हणून भारतात स्थापन झालेले अर्धन्यायिक अधिकरण. अध्यक्ष व किमान दोन सदस्य मिळून हा आयोग बनतो.

लहान रकमांच्या दाव्यांसाठी मुंबईत प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियम, १८८२ अन्वये लघुवाद न्यायालय आहे. परंतु त्याचे कामकाज दिवाणी धाटणीचे असते. वस्तूच्या किंमतीपेक्षा वकिलाचा मेहनताना अधिक होत असल्याने सामान्य ग्राहक नुकसान निमूटपणे सोसत असे. ही विषमता कमी करण्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय यंत्रणा निर्माण झाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला आणि जिल्हा मंचास ‘आयोग’ ही संज्ञा मिळाली.

वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे दाखल होते. ही मर्यादा २०२१ च्या नियमांनी ठरविली असून ती मागितलेल्या भरपाईवर अवलंबून नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो वा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील आयोगाकडेही जाता येते; त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय दूरच्या शहरात असणे हा अडथळा उरलेला नाही. मात्र व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू वा सेवा घेणारा सामान्यतः ग्राहक ठरत नाही.

तक्रारीस वकिलाची आवश्यकता नाही. उभय पक्षांची नावे व पत्ते, घटनाक्रम आणि मागणी स्पष्ट लिहून पावती, हमीपत्र, पत्रव्यवहार व शपथपत्र जोडावे लागते. वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करणे आवश्यक असते. विलंबास पुरेसे कारण दाखविल्यास तो क्षमापित होऊ शकतो. विरुद्ध पक्षाने नोटिशीनंतर ३० दिवसांत, किंवा फार तर आणखी १५ दिवसांत, आपले म्हणणे मांडावयाचे असते. वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीसही पक्षकाराची बाजू मांडता येते, हे मुंबईतील एका प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले.

दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई व खर्च देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. त्यांची अंमलबजावणी दिवाणी हुकुमनाम्याप्रमाणे होते. अवज्ञेबद्दल १ महिना ते ३ वर्षे कारावास, किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षास तीपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

तक्रारीचा निकाल शक्यतो ३ महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास ५ महिन्यांत व्हावा, अशी तरतूद असली, तरी प्रत्यक्षात पुष्कळदा अधिक काळ लागतो. कंपनीच्या बाजूने अनुभवी वकील उभा राहू शकतो. अशा वेळी एकट्या ग्राहकाचा मुख्य आधार म्हणजे त्याने जपून ठेवलेले कागदपत्र होत.