कॅलिफोर्नियातील प्रायमरी : पक्ष न सांगणाऱ्या मतदाराची मतपत्रिका

कॅलिफोर्नियात मतदार म्हणून नाव नोंदवताना पत्ता आणि जन्मतारीख यांच्याबरोबर पसंतीच्या राजकीय पक्षाचीही नोंद केली जाते, आणि अर्जातील हा एक रकानाच अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मतदाराच्या हाती कोणती मतपत्रिका पडणार हे ठरवतो. भारतातील मतदारयादीत असा रकाना नाही, आणि उमेदवारी ही एबी फॉर्म वाटणाऱ्या पक्षश्रेष्ठींची बाब मानली जाते. त्यामुळे तेथून येऊन अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या अनेकांच्या लक्षात या रकान्याचे महत्त्व मत देण्याची वेळ येईपर्यंत येत नाही.

सॅन होजे येथे स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींनी नेमका हाच मुद्दा उपस्थित केला आहे. ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीसाठी त्यांच्या घरी टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर सिनेटच्या जागेसाठी दोनदा मत द्यायचे होते, एकदा सिनेटर डायन फाइन्स्टाइन यांच्या निधनामुळे उरलेल्या मुदतीसाठी आणि एकदा पुढील पूर्ण मुदतीसाठी. स्थानिक पदे होती, राज्याचा एक प्रस्तावही होता. अध्यक्षपदाचा मात्र मागमूस नव्हता. नोंदणी करताना त्यांनी कोणताही पक्ष निवडला नव्हता. ही छपाईतील चूक होती की नियमच तसा आहे, असा त्यांचा प्रश्न आहे. नियमच तसा आहे. परंतु तो तसा का झाला हे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही, आणि कॅलिफोर्नियातील मतदारांपैकी साधारण पाचातील एक जण याच गटात मोडत असल्याने, लेखमालेच्या या भागासाठी ठरलेला, १९७२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातील २७१ प्रतिनिधींचा वाद पुढील आठवड्यावर ढकलणे योग्य ठरेल.

पक्ष न निवडणाऱ्या मतदाराला आज ‘नो पार्टी प्रेफरन्स’ या गटात घातले जाते. सुमारे दीड दशकापूर्वीपर्यंत याच गटाला ‘डिक्लाइन टू स्टेट’, म्हणजे पक्ष सांगण्यास नकार देणारे, असे नाव होते. प्रत्येक मान्यताप्राप्त पक्ष निवडणुकीच्या काही महिने आधी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला, म्हणजे निवडणूक यंत्रणेचे प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याला, या गटातील मतदारांना आपल्या अध्यक्षीय प्रायमरीत सहभागी होऊ द्यायचे की नाही हे कळवतो. २०२४ साली डेमोक्रॅटिक, अमेरिकन इंडिपेंडंट आणि लिबर्टेरियन या तीन पक्षांनी दार उघडे ठेवले, तर रिपब्लिकन, ग्रीन आणि पीस अँड फ्रीडम या पक्षांनी ते बंद ठेवले. दार उघडे असले तरी ते मतदाराला स्वतः ठोठावावे लागते: काउंटीचे निवडणूक कार्यालय आधी एक पोस्टकार्ड पाठवते, त्यावर तीनपैकी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी हे लिहून ते परत करावे लागते, आणि ते परत गेले नाही तर अध्यक्षपद वगळलेली मतपत्रिका घरी येते. हे पोस्टकार्ड जाहिरातींच्या टपालात सहज हरवण्याजोगे असते, आणि ज्याला त्याचे महत्त्व ठाऊक नाही असा मतदार ते बाजूला टाकतो, यात त्याचा दोष मानता येत नाही.

या व्यवस्थेत किती बारीक ठिकाणी मत अडकू शकते, हे ५ फेब्रुवारी २००८ रोजी लॉस एंजेलिस काउंटीत दिसले. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यातील चुरशीमुळे त्या दिवशी मतदानकेंद्रांवर मोठी गर्दी होती. काउंटीत तेव्हा वापरात असलेल्या पद्धतीत मतदाराला दिले जाणारे कार्ड जवळजवळ कोरे असे. त्यावर फक्त क्रमांकांची वर्तुळे छापलेली असत, उमेदवारांची नावे मतदानकक्षातील पुस्तिकेत असत, आणि पुस्तिकेखाली कार्ड सरकवून नावासमोरच्या वर्तुळात शाईचा ठिपका उमटवायचा असे. पक्ष नसलेल्या मतदाराने डेमोक्रॅटिक कक्षात जाऊन उमेदवाराचे वर्तुळ भरणे पुरेसे नव्हते. त्याआधी आपण कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत देत आहोत हे सांगणारे आणखी एक वर्तुळ भरणे आवश्यक होते. हजारो मतदारांनी ते भरले नाही. यंत्राने त्यांचे अध्यक्षपदाचे मत मोजले नाही, आणि कार्ड हातात घेऊन पाहिले तरी सर्वांचा उलगडा होईना, कारण एकाच क्रमांकाचे वर्तुळ एका पुस्तिकेत डेमोक्रॅटिक उमेदवाराचे, तर दुसरीत अमेरिकन इंडिपेंडंट उमेदवाराचे होते. पुढे वादंग झाल्यावर बहुतेक मतांचा अर्थ लावून ती मोजण्यात आली, परंतु काही हजार मते कायमची निकालाबाहेर राहिली. मतदाराने मत दिलेले असताना ते कार्डाच्या रचनेमुळे वाया जावे, ही लोकशाहीतील गंभीर हानी आहे, आणि ‘दुहेरी वर्तुळ’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण राज्याच्या निवडणूक इतिहासात आजवर मिळाले त्याहून अधिक लक्ष मिळण्यास पात्र आहे.

अमेरिकन इंडिपेंडंट पक्षाचे नाव या गोंधळात वारंवार येते, त्यालाही कारण आहे. वंशभेदाचे समर्थक असलेले अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ मधील उमेदवारीसाठी कॅलिफोर्नियात या पक्षाची नोंदणी झाली आणि वॉलेस यांची लाट ओसरल्यावरही पक्ष यादीत राहिला. आपण कोणत्याही पक्षाचे नाही, असे सांगू इच्छिणारे अनेक मतदार नोंदणी अर्जात या नावापुढे खूण करतात आणि नकळत या पक्षाचे सदस्य होतात. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१६ साली या पक्षाच्या नोंदणीकृत सदस्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश सदस्यांना आपण त्या पक्षात आहोत याची कल्पनाच नव्हती. अशा मतदाराची स्थिती पक्ष नसलेल्याहूनही अवघड होते, कारण तो एका पक्षाचा नोंदणीकृत सदस्य ठरल्याने पक्ष बदलल्याशिवाय त्याला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागताच येत नाही.

पक्षाची भिंत न मानण्याची ओढ मात्र कॅलिफोर्नियात फार जुनी आहे. सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या पकडीतून राज्याचे राजकारण सोडवण्याचे वचन देऊन १९१० मध्ये गव्हर्नरपदी निवडून आलेले हायरम जॉन्सन आणि त्यांचे सुधारणावादी सहकारी यांना पक्षसंघटना हेच भ्रष्टाचाराचे मूळ वाटत होते. त्यांच्याच काळात १९१२ साली राज्यात अध्यक्षपदाची पहिली प्रायमरी झाली, जीत थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांचा पराभव केला. आणि १९१३ साली ‘क्रॉस-फायलिंग’ची पद्धत आली, ज्यामुळे एका पक्षाच्या उमेदवाराला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीतही अर्ज भरता येऊ लागला. या पद्धतीतून विलक्षण निकाल लागले. १९१८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जेम्स रॉल्फ हे रिपब्लिकन असूनही गव्हर्नरपदासाठीची रिपब्लिकन प्रायमरी हरले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले. परंतु स्वतःच्या पक्षात हरलेल्याला दुसऱ्या पक्षाची उमेदवारी घेता येणार नाही, अशी अट कायद्यात असल्याने ते बाद झाले आणि डेमोक्रॅटिक पक्ष उमेदवाराविनाच राहिला. उलट १९४६ साली गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी दोन्ही पक्षांच्या प्रायमरी जिंकल्या, आणि नोव्हेंबरची निवडणूक केवळ औपचारिकता उरली. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे त्याचा पक्ष छापण्याची सक्तीही १९५२ च्या जनमतकौलानंतरच आली, आणि १९५९ साली क्रॉस-फायलिंगची पद्धत रद्द झाली.

या अर्धशतकात अध्यक्षपद मात्र क्रॉस-फायलिंगच्या कक्षेत कधीच आले नाही, आणि वाचक भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर याच वेगळेपणात आहे. गव्हर्नरची किंवा आमदाराची उमेदवारी राज्यातच सुरू होते आणि राज्यातच संपते. अध्यक्षपदाच्या प्रायमरीतून राज्य उमेदवार निवडत नाही, तर पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसणारे प्रतिनिधी निवडते, आणि त्या अधिवेशनात कोणाला बसू द्यायचे हे अधिवेशनाचा मालक असलेला पक्ष ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात स्पष्ट केले: राज्याने पक्ष न विचारता सर्वांना प्रायमरीत मत देऊ दिले, तरी त्यातून निवडलेले प्रतिनिधी स्वीकारण्याची सक्ती राष्ट्रीय पक्षावर करता येत नाही. पाच वर्षांनी कनेक्टिकटच्या प्रकरणात त्याची दुसरी बाजूही मान्य झाली. पक्षाला आपले दार अपक्ष मतदारांसाठी उघडायचे असेल, तर राज्याला ते अडवता येत नाही. कॅलिफोर्नियातील आजची पोस्टकार्डाची व्यवस्था या दोन निकालांच्या चौकटीतच उभी आहे.

तरीही कॅलिफोर्नियाने एकदा ही भिंत पाडून पाहिली. मार्च १९९६ मध्ये ‘प्रपोझिशन १९८’ हा थेट मतदारांच्या कौलासाठी ठेवलेला प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी मंजूर झाला, आणि त्यानुसार सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आले. मतदाराने एका पदासाठी डेमोक्रॅट आणि दुसऱ्यासाठी रिपब्लिकन निवडला तरी चालत असे. अध्यक्षपदाच्या बाबतीत राष्ट्रीय पक्ष असे प्रतिनिधी नाकारतील, ही अडचण होतीच, आणि तिच्यावर विधिमंडळाने काढलेला तोडगा अतिशय विचारपूर्वक केलेला होता. ७ मार्च २००० च्या प्रायमरीत मतपत्रिकांवर मतदाराच्या नोंदणीकृत पक्षाचा संकेत छापून मोजणी दोन प्रकारे करण्यात आली: एका हिशेबात सर्व मतदारांची सर्व मते, आणि दुसऱ्यात प्रत्येक पक्षाच्या नोंदणीकृत सदस्यांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारांना दिलेली मते. पहिल्या हिशेबात डेमोक्रॅट अल गोर सर्वांत पुढे होते. प्रतिनिधी मात्र दुसऱ्या हिशेबावर ठरले, आणि रिपब्लिकन पक्षाचे सर्व प्रतिनिधी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मिळाले. जॉन मॅकेन यांना पक्षाबाहेरच्या मतदारांनी दिलेली साथ पहिल्या हिशेबात नोंदली गेली, दुसऱ्यात तिला स्थान नव्हते.

त्याच वर्षी २६ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रपोझिशन १९८ ची पद्धत सात विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरवली. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्ष या खटल्यात लिबर्टेरियन आणि पीस अँड फ्रीडम या पक्षांसह एकाच बाजूला होते. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा, की पक्षाचा उमेदवार बाहेरच्यांनी निवडणे म्हणजे पक्षाच्या संघटनस्वातंत्र्यावर आघात होय. हा युक्तिवाद गव्हर्नरपदापुरता बिनतोड आहे. परंतु अध्यक्षपदाच्या दुहेरी मोजणीला तो तितकासा लागू पडत नाही, कारण तेथे उमेदवार पक्षसदस्यच निवडत होते आणि इतरांचे मत केवळ जाहीर होत होते. प्रत्येक नागरिकाला बोलू देणारी आणि तरीही पक्षाचा अधिकार अबाधित ठेवणारी ती दुहेरी मोजणी, या राज्याने अध्यक्षीय प्रायमरीसाठी केलेल्या सर्व प्रयोगांत सर्वांत न्याय्य होती, आणि ती एकाच निवडणुकीनंतर संपली याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच निकालात स्कालिया यांनी एक पर्यायही सुचवला होता: प्रायमरीने पक्षाचा उमेदवार निवडूच नये, तर पक्ष कोणताही असो, पुढील फेरीत जाणारे उमेदवार फक्त निवडावेत. जून २०१० मध्ये मंजूर झालेला प्रपोझिशन १४ याच वाटेने गेला, आणि म्हणून आज सिनेटच्या प्रायमरीत सर्व मतदारांना सर्व उमेदवार दिसतात व पहिले दोन नोव्हेंबरमध्ये लढतात. २०१६ साली कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ या दोघी डेमोक्रॅट एकमेकींसमोर आल्या त्या यामुळेच. अध्यक्षपदासाठी हा मार्ग बंद आहे, कारण राष्ट्रीय अधिवेशनाला पहिल्या दोघांशी कर्तव्य नसून आपल्या पक्षाच्या प्रतिनिधींशी कर्तव्य असते. वाचक भगिनींच्या मतपत्रिकेवर सिनेटसाठी सर्व पक्षांचे उमेदवार होते आणि अध्यक्षपदासाठी एकही नव्हता, याचे कारण हेच.

पुढील वेळी त्यांना अध्यक्षीय प्रायमरीत मत द्यायचे असल्यास पोस्टकार्ड परत करणे हा सोपा उपाय आहे. ते राहून गेले, तर घरी आलेली कोरी मतपत्रिका मतदानकेंद्रावर नेऊन जमा करावी आणि दार उघडे ठेवणाऱ्या पक्षाची मतपत्रिका मागून घ्यावी. रिपब्लिकन प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर मात्र त्या पक्षात नव्याने नोंदणी करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तशी नोंदणी मतदानाच्या दिवशीही करता येते.

पक्षाचा हा अधिकार कोण मत देणार एवढ्यापुरता नाही, तर मतांचे प्रतिनिधींत रूपांतर कसे करायचे येथपर्यंत पोहोचतो. जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन पक्षाने निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराला राज्यातील सर्व १६९ प्रतिनिधी देण्याचा नियम केला, आणि मार्च २०२४ मध्ये ते सर्व डोनाल्ड ट्रम्प यांना मिळाले. विजेत्याला सर्व काही देणारा नियम १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतही होता, आणि त्याला निम्म्या मतांचीही अट नव्हती. त्या वेळी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना सुमारे ४४ टक्के मतांवर २७१ प्रतिनिधी मिळाले आणि प्रकरण मायामी बीचच्या अधिवेशनापर्यंत गेले. त्याचा वृत्तान्त पुढील भागात येईल.