निसरड्या दगडावरील पादत्राण

गिरणेच्या पात्रांत भडगांवाजवळ मासे धरणाऱ्यांस ओढीपेक्षां शेवाळाचें भय अधिक. काळ्या दगडावरील बुळबुळीत थरावर गुळगुळीत रबरी तळ टेकत नाहीं. थर दाबून खालचा दगड गांठील असा तळ हवा. जुन्या बुटास लोंकरीचा जाड नमदा चिकटवून कडेनें शिवून घ्यावा, असें आम्ही सुचवितों. जपानांत पेंढ्याच्या वहाणा याच कामीं वापरीत. आपल्याकडे काथ्याची दोरी बुटाभोंवतीं आडवी गुंडाळली तरी पुष्कळ. लोखंडी खिळे शेवाळ फोडतात, पण कोरड्या कातळावर घसरतात. नमदा ओला राहिल्यास त्यांतून परकें शेवाळ दुसऱ्या नदींत जातें, म्हणून न्यूझीलंडनें २००८ सालीं मासेमारींत असे तळ बंद केले. सबब तो उन्हांत पुरता वाळवावा. गिरणा धरणाचें आवर्तन सुटलें असतां मात्र कोणत्याहि तळावर विसंबून पात्रांत उतरूं नये.