गुलाबी डोंगर: फिल्टर की मोजमाप?

रिचर्ड मॉस या आयरिश छायाचित्रकाराचे पूर्व काँगोतले फोटो पहिल्यांदा पाहिले की बहुतेक जण म्हणतात, "फोटोशॉप केलंय." डोंगरउतार, कुरणं, झाडी, सगळं भडक गुलाबी. माणसांचे चेहरे मात्र गुलाबी नाहीत. फोटोशॉप इथे नाहीये, आणि ते का नाहीये हे संशोधनाच्या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

मॉसने वापरली कोडॅकची एरोक्रोम ही फिल्म. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. ही फिल्म त्यापलीकडचा, साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाशही टिपते. आता पानाकडे बघा. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा थोडाफार परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांमुळे जवळच्या अवरक्त प्रकाशातला जवळजवळ निम्मा भाग परावर्तित होतो. म्हणजे पान हिरव्यापेक्षा अवरक्तात कितीतरी जास्त "उजळ" असतं, आपल्याला ते दिसत नाही इतकंच. एरोक्रोममध्ये अवरक्त लाल होऊन उमटतं, लाल हिरवा होऊन, हिरवा निळा होऊन. निळा प्रकाश पिवळा फिल्टर लावून आधीच अडवलेला असतो.

अशा फिल्मची सुरुवात झाली लष्करी कामातून. हिरवा रंग फासलेला तंबू डोळ्याला झाडीसारखा दिसतो, पण साधा हिरवा रंग पानाइतका अवरक्त परत पाठवत नाही. त्यामुळे विमानातून काढलेल्या फोटोत लालभडक जंगलात तो वेगळा उठून दिसायचा.

आता फोटोशॉपकडे परत येऊ. संगणकावर हिरव्याचा गुलाबी करणं दोन मिनिटांचं काम. पण मग झाडाबरोबर हिरवी ताडपत्रीही गुलाबी होईल! एरोक्रोम त्या दोघांत फरक करू शकते, कारण तिच्याकडे एक जादा माहिती आहे. हा फरक डोक्यात पक्का करा. पुढे तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक रंगीत आकृतीबद्दल गाइड हेच विचारणार आहेत: हा रंग मोजलेला आहे की नुसता लावलेला?

रिमोट सेन्सिंगकडे वळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आपले एफसीसी नकाशे हीच रंगांची अदलाबदल वापरतात. एनडीव्हीआय काढतानाही अवरक्त आणि लाल यांच्यातल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागतो. पण लाल म्हणजे जंगल, असं पाठ करू नका. विदर्भातल्या सागवनाची एप्रिलमधली प्रतिमा घ्या. पानगळ झालेली असते, लाली जवळपास गायब. जंगल जागेवरच आहे! नुसत्या त्या एका प्रतिमेवर जंगल नष्ट झाल्याचा निष्कर्ष लिहिलात तर मौखिक परीक्षेत तुमचं काही खरं नाही.

कोडॅकने २००९ मध्ये या फिल्मचं उत्पादन थांबवलं. त्यानंतर मॉस उरलेले रोल घेऊन काँगोत गेला. अवरक्त डोळ्याला दिसत नाही, साधा लाइट मीटर ते नीट मोजत नाही, म्हणजे फिल्म धुवून येईपर्यंत सगळा अंदाजाचाच मामला. त्यातून 'द एन्क्लेव्ह' ही सहा पडद्यांवरची व्हिडिओ कलाकृती झाली आणि २०१३ मध्ये व्हेनिस बिएनालेत आयर्लंडतर्फे मांडली गेली. त्या भूभागात लाखो माणसं युद्धात आणि त्यामागून आलेल्या भूक-रोगराईत मेली, तरी जगाच्या बातम्यांत ते फारसं दिसलं नाही. न दिसणारं टिपणारी फिल्म तिथे न्यायची, असा त्यामागचा विचार.

टीकाही झाली: युद्ध इतकं सुंदर दाखवायचं? मला हा आक्षेप निम्मा पटतो. गुलाबी रंग पानाबद्दल खरं सांगतो, पण युद्धाबद्दल तो काहीच मोजत नाही. तिथे तो फक्त आपल्याला थबकायला लावतो. २०२२ च्या 'ब्रोकन स्पेक्टर'मध्ये मात्र यंत्र आणि विषय जास्त जुळलेत. अॅमेझॉनची जंगलतोड त्याने वरून बहुवर्णपटीय कॅमेऱ्याने टिपली, जंगलावर लक्ष ठेवणारे वैज्ञानिक वापरतात त्याच जातीच्या. पण त्या फिल्ममधला सगळ्यात जड प्रसंग कुठल्याही तरंगलांबीचा नाही. एक यानोमामी स्त्री थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलते, आणि तिचा राग जंगल तोडणाऱ्यांबरोबर चित्रण करायला आलेल्यांवरही आहे.