चंद्याची पावती : करसवलत वेगळी, बंदी वेगळी

रमजान जवळ आला की पेण आणि रोह्याच्या बाजारपेठेत बाहेरगावचे सफीर पावतीपुस्तके घेऊन दुकानोदुकानी येतात. उद्या एखाद्या संस्थेवर कारवाई झाली तर देणाऱ्याचे काय, असा प्रश्न व्यापारी बांधव विचारतात. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात.

पहिली करसवलत. १९६१ च्या आयकर कायद्यात १२-ए च्या नोंदणीमुळे संस्थेचे उत्पन्न करमुक्त होत असे आणि ८०-जी मुळे देणगीदाराला सूट मिळत असे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, मूळ व्यवस्था तीच. विशिष्ट धर्मीयांसाठीच असलेल्या संस्थेला ८०-जी मिळत नाही. म्हणून मदरशाच्या पावतीवर तो नंबर नसणे हा गुन्हा नव्हे. नोंदणी रद्द झाली तर कराचा बोजा संस्थेवर पडतो, आणि तिला अपिलात जाता येते.

दुसरी बंदी. यूएपीए कायद्याखाली केंद्र सरकार संघटना बेकायदा ठरवते. न्यायाधिकरण सहा महिन्यांत त्यावर निर्णय देते. बंदी लागू झाल्यावर अशा संघटनेला वर्गणी देणे हाच गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर नोव्हेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची बंदी आली. २०२१ मध्ये ती आणखी पाच वर्षे वाढली. पॉप्युलर फ्रंटची करनोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली, बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये आली. त्या बंदीत रिहॅब इंडिया फाउंडेशन ही मदतकार्य करणारी संस्थाही होती.

अमेरिकेत या दोन गोष्टी एकत्र करू पाहणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी २१९ विरुद्ध १८४ मतांनी मंजूर केले. दहशतवादाला मदत केल्याचा ठपका ठेवून, खटल्याशिवाय करसवलत काढण्याचा अधिकार त्यात अर्थमंत्र्याला होता. सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही.

आपण एवढी एहतियात घ्यावी : मोठी रक्कम चेकने द्यावी; २००० रुपयांवरील रोख देणगीला करसूट नाहीच. पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक व पॅन पाहावा. बंदी असलेल्या संघटनांची नावे गृहमंत्रालयाच्या यादीत तपासावीत. पावत्या हिसाबाच्या वह्यांबरोबर जपून ठेवाव्यात.

भीतीपोटी हात आखडू नये. जकात अमानत आहे. ती हक्कदारापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे देणाऱ्याचेही काम आहे.