निळ्या छापांचं वर्ष

गेल्या दिवाळीनंतर सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर निळे छाप काढणं, शिकायला घेतलं. याला कॅमेरा लागत नाही, डार्करूम लागत नाही. शंभर मिलिलीटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही सारखी मिसळून मंद उजेडात ब्रशने कागदाला लावायची. कृती लगेच पाठ झाली. वर्ष गेलं ते ऊन, पाणी आणि कागद ओळखण्यात.

हिवाळ्यातलं तिरपं ऊन छाप उमटवायला वेळ घेतं. त्या दिवसांत घड्याळ सोडून लेपाचा रंग बघायची सवय लागली. पिवळट हिरवा लेप आधी निळसर होतो, मग करडा पडतो आणि शेवटी त्यावर धातूसारखी झाक येते. तोवर धीर धरायलाच हवा, कारण धुताना बराच रंग उतरतो. काचेखाली ठेवलेलं नेच्याचं पान जिथे कागदाला घट्ट चिकटतं तिथे कडेचा दातान्‌दात रेखीव येतो. देठापाशी पान जरा उचललेलं असलं, की तेवढीच कड धूसर होते.

पाण्याचंही तसंच. हा निळा रंग क्षार सोसत नाही. बोअरच्या जड पाण्यात तो फिकटतो, पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की सावरतो. खडूची भर असलेला कागदही म्हणूनच नको. सुती कागद उत्तम.

वैशाखात काही मिनिटांत काम व्हायचं. आषाढात मात्र लेप दमट हवेत वाळेना, पांढऱ्या जागाही निळसर राहू लागल्या. मग ॲना ॲटकिन्सची पानं बघत बसलो. जॉन हर्शेलने ही पद्धत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी या बाईंनी ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांचे छाप पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. १८५३ पर्यंत त्या ते करत होत्या, वनस्पतींची नावंसुद्धा हाताने लिहून त्याच निळ्यात छापत होत्या. इंग्लंडच्या ढगाळ हवेत! शोधाचा मान हर्शेलचा, पण मला गुरू वाटतात त्या ॲटकिन्सच.

शरदाचं ऊन पडल्यापासून मांजरपाटावर छापतोय. कापड आधी धुऊन खळ पूर्ण काढावी लागते, नाहीतर लेप डागाडागाने बसतो. साबणातल्या क्षाराने छाप उडतो, म्हणून छापलेली कापडं रिठ्याच्या पाण्यात धुतो.